रेड हाउसची वास्तुरचना : एक चिकित्सा

बेक्सलीहीथ हे आज लंडनच्या आग्नेय उपनगरांत मोडते. १८५९ साली तो केंट परगण्यातील फळबागांचा प्रदेश होता. तेथे विल्यम मॉरिस याने आपला मित्र फिलिप वेब याच्याकडून बांधून घेतलेले 'रेड हाउस' आधुनिक वास्तुकलेचा आरंभबिंदू म्हणून वारंवार गौरविले गेले आहे. हर्मान मुथेसियस याने १९०४ च्या ग्रंथात, आतबाहेर एकाच कल्पनेतून घडलेले पहिले घर म्हणून त्याचा निर्देश केला. पुढे निकोलाउस पेव्हस्नर याने १९३६ मध्ये मॉरिसपासून ग्रोपियसपर्यंतची परंपरा रेखाटली आणि हा समज दृढ झाला. प्रत्यक्ष वास्तू मात्र या गौरवात पुरती मावत नाही.

विटेवरील कर १८५० मध्ये रद्द झाला होता, तरीही प्रतिष्ठित घराची वीट गिलाव्याखाली झाकण्याची अभिरुची टिकून होती. वेबने तांबडी वीट उघडी ठेवली. दर्शनी भागाची सममिती त्याने नाकारली आणि आतील खोलीच्या गरजेप्रमाणे खिडकी लहानमोठी केली. टोकदार कमानीखाली वरखाली सरकणारी साधी खिडकी बसविताना त्याला शैलीशुद्धतेची फिकीर वाटली नाही. घराचे खरे सौंदर्य येथेच आहे. परंतु हे सारे अपूर्व नव्हते. स्ट्रीट व बटरफील्ड यांनी बांधलेल्या धर्मोपदेशकांच्या निवासांत ही विटेची भाषा आधीच घडली होती, आणि वेब व मॉरिस यांची भेटच मुळी १८५६ मध्ये स्ट्रीटच्या कार्यालयात झाली.

अधिक गंभीर आक्षेप आराखड्याविषयी आहे. इंग्रजी 'एल्' अक्षराच्या आकाराचे हे घर आपल्या कुशीत बाग आणि शंकूच्या आकाराच्या छपराची विहीर घेते. या उन्हाच्या बाजूस येतात ते मुख्यतः जाण्यायेण्याचे मार्ग. भोजनगृह व वरच्या मजल्यावरील दिवाणखाना यांच्या वाट्याला उत्तर दिशा येते. इंग्लंडच्या हवेत ही गैरसोय क्षुल्लक नव्हे. साहित्याशी प्रामाणिक राहणाऱ्या वास्तुविशारदाने सूर्याकडे केलेले हे दुर्लक्ष त्याच्या स्तुतिपाठकांनी सहसा नजरेआड केले आहे. अठ्ठाविशीतील वेबचे हे पहिलेच स्वतंत्र काम होते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

१८६४ मध्ये बर्न-जोन्स कुटुंबासाठी नवा भाग जोडण्याचे आराखडे वेबने तयार केले. तो झाला असता तर विहिरीभोवती चौक पुरा झाला असता. बर्न-जोन्स यांनी बेत सोडला, मॉरिस आजारी पडला आणि १८६५ मध्ये, अवघ्या पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, त्याने घर सोडले. चौकाच्या उरलेल्या बाजू आजही मोकळ्या आहेत.