आधी काडेपेट्या, मग कोड

छंद म्हणून काय बनवू, असं मूल विचारतं आणि आपण फुल्ली-गोळ्याचा तयार कोड देतो. तो हरत नाही. का हरत नाही, हे मुलाला कळत नाही. डोनाल्ड मिची यांनी १९६१ मध्ये ३०४ काडेपेट्यांचं शिकणारं यंत्र केलं. पटावरच्या एकेका स्थितीला एक पेटी, आत रंगीत मणी. रंगावरून घर ठरतं. डाव जिंकला की खेळलेल्या रंगाचे मणी वाढवायचे, हरला की काढायचे. दोष आहे बरं का यात! हरलेल्या डावातल्या चांगल्या खेळीचाही मणी जातो. पण मंडळी, हा दोष मुलाला स्वतः पेटी उघडून दिसतो, आणि तो कसा सुधारायचा याचा विचार तिथूनच सुरू होतो.