पाठ केलेले शब्द आणि न समजलेला उतारा

आयोजकांनी मला विषय दिला होता, 'परीक्षांसाठी इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा'. त्यात मी थोडा बदल करून घेतला. कसा वाढवावा हे सांगणारे पायलीचे पन्नास आहेत. आपली मुलं ज्या पुस्तकांतून आणि याद्यांतून शब्द पाठ करतात, ती पुस्तकं आणि त्या याद्या कुणी नीट तपासून बघत नाही. आज तेवढंच करू. टीका करू, पण जे घेण्यासारखं आहे ते पदरात पाडूनच घरी जाऊ.

आधी एक प्रसंग सांगतो. एक मुलगी माझ्याकडे आली. दहावीपर्यंत मराठी शाळा, त्यात सेमी इंग्रजी, पुढे विज्ञानाची पदवी. परदेशात शिकायला जायचं म्हणून आयेल्ट्सची तयारी चालली होती. या परीक्षेची फी पाच आकडी असते. त्यामुळे दुसऱ्यांदा बसायचं म्हणजे घरात आधी चर्चा, मग उसनवारी. तिच्याजवळ एक जाडजूड वही होती. वहीत तीन हजारांच्या आसपास इंग्रजी शब्द होते आणि प्रत्येकासमोर एकच मराठी अर्थ. मी कुठलंही पान उघडून विचारावं आणि तिनं धडाधड सांगावं. टॅसिटर्न म्हणजे अबोल, गॅर्युलस म्हणजे बडबड्या.

मग मी तिला कालवांच्या शेतीवरचा एक उतारा दिला. मुलगी खाडीकाठची, तिची आत्या ओहोटीला कालवं काढायला जाते. म्हटलं, विषय घरचाच आहे. तेरा प्रश्नांपैकी पाच बरोबर आले. का? 'ऑयस्टर कल्चर' हे तिनं 'कालवांची संस्कृती' असं वाचलं. 'यील्ड' म्हणजे शरण जाणं, असं वहीत होतं. उताऱ्यात ते उत्पादन होतं. 'अकाउंट फॉर' दिसलं तेव्हा तिला हिशेबाची वही आठवली. तिथे त्याचा अर्थ होता कारण असणं, उलगडा होणं. ती म्हणाली, "सर, माझी व्होकॅब कमी पडली." मी म्हणालो, "अगं, कमी नाही पडली. नको ते शब्द पाठ झालेत आणि हवे ते तुला येतात असं तुला वाटतंय."

आता ही वही आली कुठून, ते बघू.

आपल्याकडे या विषयाचं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी'. मूळ १९४९ सालचं. स्टेशनबाहेरच्या टपरीपासून ग्रंथप्रदर्शनापर्यंत सगळीकडे मिळतं. मी ते पुस्तक वाईट म्हणणार नाही. लुईस शब्द सुटा देत नाहीत, त्याचं मूळ फोडून दाखवतात, मग त्या मुळापासून आलेले चार शब्द सांगतात, लगेच सराव करून घेतात. शिक्षक म्हणून ते पक्के आहेत.

पण ते शिकवतात कुणाला? ज्याचं रोजचं इंग्रजी आधीच पक्कं आहे अशा अमेरिकन प्रौढ माणसाला. पहिलंच प्रकरण माणसांच्या स्वभावांवर आहे. त्यात अहंकारी, परोपकारी, अंतर्मुख, माणूसघाणा अशांसाठीचे शब्द येतात. नंतर डॉक्टरांचे प्रकार. चारचौघांत, मेजवानीत, पत्रात वापरायला हे शब्द छान. पण शास्त्रीय उताऱ्यात 'माणूसघाणा' कितीदा येणार? तिथे येतात 'इंडिकेट', 'डिराइव्ह', 'कन्स्टिट्यूट', 'व्हेरी' असे शब्द. हे शब्द लुईस शिकवत नाहीत, कारण त्यांच्या वाचकाला ते येतातच असं ते धरून चालतात. हा पुस्तकाचा दोष नाही. भलत्याच वाचकाच्या हाती ते आपण देतो, हा आपला दोष.

दुसरा प्रकार म्हणजे जीआरईच्या लांबलचक याद्या. बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध होती. ती निरर्थक नव्हती. त्या काळी परीक्षेत थेट विरुद्धार्थी शब्द विचारत, शब्दांच्या जोड्या लावायला सांगत. पण ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईनं हे दोन्ही प्रकार काढून टाकले. सॅटनं जोड्या २००५ मध्येच काढल्या होत्या आणि रिकाम्या जागा २०१६ मध्ये बंद केल्या. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनीच सांगून टाकलं की सुटा शब्द नको, वाक्यातला शब्द दाखवा. आणि आयेल्ट्सच्या वाचनात तर ६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. सगळे उतारे मिळून दोन ते पावणेतीन हजार शब्द. अवघड तांत्रिक शब्द आला तर त्याचा सोपा अर्थ खाली दिलेला असतो. मग आपण पाठ कशासाठी करतोय? पाठ केल्यानं अभ्यास झाल्यासारखा वाटतो आणि वहीची पानं मोजता येतात, म्हणून.

आता तिसरी यादी. हिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, आणि मला ती सगळ्यांत उपयोगाची वाटते. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी २००० साली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. त्यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांतला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर घेतला. नेहमीच्या वापरातले दोन हजार शब्द बाजूला काढले. मग जे शब्द सगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा येतात ते मोजले. निघाली फक्त ५७० शब्दकुळं. कूळ म्हणजे 'अ‍ॅनालाइज' घेतला की 'अ‍ॅनालिसिस', 'अ‍ॅनालिटिकल' ही मंडळी त्याच घरातली. एवढी ५७० कुळं अभ्यासाच्या मजकुरातले सुमारे १० टक्के शब्द व्यापतात. कथा-कादंबरीत त्यांचा वाटा दीड टक्काही भरत नाही. म्हणून इंग्रजी सिनेमे बघून, गोष्टी वाचून तरबेज झालेला मुलगासुद्धा शास्त्रीय उताऱ्यात अडखळतो.

गंमत बघा, जे दोन हजार शब्द बाईंनी बाजूला काढले, त्यांची यादी १९५३ सालची, मायकेल वेस्ट यांची. हे गृहस्थ बंगालात, ढाक्याला शिक्षण खात्यात होते. आपल्यासारख्याच मुलांना इंग्रजी बोलायच्या आधी वाचता आलं पाहिजे, हा विचार त्यांनी त्या वर्गांतून मांडला. म्हणजे आपली अडचण नवी नाही. तिच्यावरचा विचारही इथल्याच मातीत सुरू झाला.

पण म्हणून ही यादी डोक्यावर घेऊन नाचू नका. तिच्यातही उणिवा आहेत. पहिली म्हणजे दोन हजार शब्द येतात हे गृहीत आहे. आपल्या मुलांना ते खरंच येतात का? 'अकाउंट'चं काय झालं ते आपण पाहिलं. दुसरी, वेस्टची आणि ही, दोन्ही याद्या मिळून ८६ टक्के होतात. उरलेले १४ टक्के, म्हणजे साधारण दर सात शब्दांत एक, तरीही अनोळखी राहू शकतो. तिसरी आणि मोठी उणीव अशी की यादी शब्द देते, त्याचा वापर देत नाही. 'व्हॉल्यूम' म्हणजे आकारमान, ग्रंथाचा खंड, की आवाज? 'सिग्निफिकंट' म्हणजे एरवी महत्त्वाचा. पण संख्याशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा, हा फरक केवळ योगायोगानं पडला असण्याची शक्यता कमी, असा. हे यादीत कसं कळणार? त्यासाठी वाक्यच वाचावं लागतं.

इथे मला आपल्या शाळांबद्दल थोडं बोलायचंय. सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं. हेतू चांगला आहे. पण बऱ्याच वर्गांत होतं काय? इंग्रजी संज्ञा पाठ होते आणि मराठी संज्ञा हातातून सुटते. दोन्ही डगरींवर पाय, आणि मुलाच्या डोक्यात कल्पना एकाही भाषेत उभी राहत नाही. मी मराठी संज्ञांचा भाबडा भक्त नाही. 'परासरण' हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला 'ऑस्मॉसिस' इतकाच परका आहे. पण 'प्रकाशसंश्लेषण' घ्या. फोटो म्हणजे प्रकाश, सिन्थेसिस म्हणजे संश्लेषण. दोन शब्द शेजारी ठेवले की दोन्ही उघडतात. मग 'फोटोमीटर' आणि 'सिन्थेटिक' न शिकवता कळतात. 'क्लोरोफिल'मधला 'क्लोरो' म्हणजे हिरवा, 'फिल' म्हणजे पान. आपलं हरितद्रव्य. आणि तोच हिरवट पिवळा रंग म्हणून त्या वायूचं नाव क्लोरीन.

आणखी एक. लॅटिन-ग्रीक मुळं आणि संस्कृत यांचं नातं आहे. डेंटल आणि दंत, इग्नाइट आणि अग्नी, ऑक्टो आणि अष्ट, नेव्हिगेशन आणि नौका. लुईस यांच्या अमेरिकन वाचकाला हा आधार नव्हता, तो आपल्या मुलांना आहे. आणि नेमका तोच आपण मराठी वही बंद करून फेकून देतो. अर्थात, दिसलं साम्य की जोडलं नातं असं करू नका. 'मॅन्युअल'चा मनाशी संबंध नाही. तो हात या अर्थाच्या शब्दावरून आलाय. कोश बघायचा, मगच लिहायचं.

तुम्ही म्हणाल, टीका झाली, आता करायचं काय? तीन गोष्टी सांगतो.

एक. ५७० कुळं आठवड्याला तीस घेतली तर एकोणीस आठवड्यांत होतात. परीक्षा दोन महिन्यांवर आली असेल तर पहिले तीनच गट घ्या. प्रत्येक गटात साठ, म्हणजे एकशे ऐंशी कुळं. यादी वापराच्या क्रमानं लावलेली आहे. त्यामुळे दहा टक्क्यांपैकी साडेसहा टक्के त्या तीन गटांतच येतात. पण प्रत्येक शब्द एका खऱ्या वाक्यासकट लिहायचा. नुसता अर्थ लिहिलात तर ती पुन्हा जुनीच वही.

दोन. इंग्रजी उताऱ्याआधी त्याच विषयावर मराठीत वाचा. मराठी विश्वकोशातली नोंद आता घरबसल्या मिळते. हे वेळ घालवणं नव्हे. १९८८ मध्ये अमेरिकेत रेख्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलवरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. विषय ठाऊक असला की शब्द आपोआप जागेवर बसतात.

तीन. शास्त्रीय इंग्रजी क्रियापदाचं नाम करतं. "खारफुटी तोडली म्हणून किनारा खचला" असं न म्हणता "खारफुटीच्या तोडीमुळे किनाऱ्याची धूप" असं म्हणतं. असं वाक्य आलं की ते साध्या मराठीत उलगडून सांगायचं, कुणी काय केलं आणि त्यानं काय झालं. सांगता आलं तर समजलं. नाही आलं तर प्रत्येक शब्द ठाऊक असूनही उतारा समजलेला नाही.

बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. १९८१ पर्यंत ते गाव आपल्याच जिल्ह्यात होतं. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' काढलं, एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. एक भाषा शिकायची म्हणून दुसरी पुसायची, हे त्यांना सुचलं नाही. त्या मुलीला मी तेवढंच करायला सांगितलं. वहीचं पान मधोमध दुमडायचं, डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे आपल्या बोलीत त्याचा अर्थ. पहिलं वाक्य तिनं कालवांचंच लिहिलं. उजवीकडे 'संस्कृती' खोडून तिनं 'संवर्धन' लिहिलं, आणि खाली कंसात आत्याचा शब्द, 'कालवं धरवणं'. तो शब्द मलाही नवा होता.

परीक्षेचा निकाल विचारू नका, ती अजून बसायची आहे. पण उतारा वाचून झाल्यावर ती आता "किती शब्द अडले" असं सांगत नाही. "लेखकाचं म्हणणं असं असं आहे, आणि मला ते पटत नाही," असं सांगते.

माझं एवढंच. आता तुमचे प्रश्न घेऊ.