दीर्घ हिवाळा आणि बिनबर्फाचा वाचक

१

ऋतू आणि साहित्य यांच्या संबंधाचा विचार मराठी समीक्षेत बहुधा निसर्गवर्णनाच्या अंगाने झाला आहे. ऋतू हा वर्ण्यविषय मानला, की निरीक्षणाची सूक्ष्मता, प्रतिमांचा ताजेपणा, फार तर भाववृत्तीशी असलेला त्यांचा मेळ, एवढेच मुद्दे चर्चेस उरतात. ऋतू माणसाच्या दिवसाची वाटणी करतो, घराचे दार उघडतो वा लावून घेतो, कोठारातले धान्य मोजायला लावतो. म्हणजेच तो कथनाच्या रचनेत शिरतो. ही बाजू मात्र दुर्लक्षित राहते. ती तपासण्यासाठी मराठी वाचकाला सर्वांत परका असलेला ऋतू घेणे सोयीचे आहे. तो म्हणजे महिनोन्‌महिने बर्फ साचून राहणारा हिवाळा.

लॉरा इंगल्स वाइल्डर यांची 'लिटल हाउस इन द बिग वुड्स' (१९३२) आणि 'द लाँग विंटर' (१९४०) ही पुस्तके अशा हिवाळ्यातील रोजच्या सुखांची आणि लहान साहसांची कथने म्हणून जगभर वाचली जातात. ती मुलांसाठी लिहिलेली असली, तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न पोरकट नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या वस्तीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि आकाशातून पडणारे घन पाणी म्हणजे क्वचित होणारी गारपीट, एवढेच ठाऊक असते. तेथील वाचकाला या सुखांचा प्रत्यय येत असेल, तर तो कशाच्या आधारे? मानवी भावना सर्वत्र सारख्याच असतात, हे एक उत्तर झाले. साहित्यकृती आपल्या भूमीशी बांधलेली असल्यामुळे तिचा पूर्ण प्रत्यय परक्या भूमीत येत नाही, हे दुसरे. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेच्या संकल्पनेचा ढोबळ वापर करणारे या उत्तराकडे सहज वळतात. पहिल्या उत्तरात ऋतू नुसती सजावट ठरतो, दुसऱ्यात ती ओलांडता न येणारी भिंत होते. दोन्ही उत्तरांत ऋतूचे कार्य काय, हे विचारलेच जात नाही.

२

आरंभ भाषेपासून करावा लागतो. 'हिवाळा' या शब्दाच्या पोटातच हिम आहे. उन्हाळ्यात 'उष्ण' आणि 'काल' एकत्र आले, तसे हिवाळ्यात 'हिम' आणि 'काल' एकत्र आले आहेत. 'हिम'चे 'हिंव', 'हीव' झाले आणि मराठीत त्याचा अर्थ पदार्थावरून संवेदनेवर सरकला. हीव म्हणजे अंगात भरणारी थंडी. 'हिवताप' या शब्दात तर ती बाहेरच्या हवेचीही उरली नाही, शरीराचीच झाली. पदार्थ हरवला आणि त्याचा स्पर्श तेवढा राहिला, असा हा अर्थप्रवास आहे. पुढे प्रत्यक्ष पदार्थासाठी मराठीने फारसीतून 'बर्फ' घेतला आणि लेखी भाषेसाठी संस्कृतातून 'हिम' पुन्हा उसना आणला.

या दोन शब्दांची ऋतूंमधील विभागणी उद्‌बोधक आहे. विदर्भातील मुलाच्या अनुभवात बर्फ हिवाळ्याचा नसतोच. तो उन्हाळ्याचा आहे: गोळेवाल्याच्या गाडीवर किसला जाणारा, रंगीत पाकाखाली झाकला जाणारा. 'बिग वुड्स'मधील मुली ताज्या बर्फावर गरम पाक ओतून त्याच्या वड्या करतात, तेव्हा मराठी वाचकाच्या मनात उभा राहणारा पहिला संदर्भ उन्हाळी दुपारचा असतो. या उलटापालटीला इतिहासाचाही दुजोरा आहे. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्यास जहाजाने बर्फ पाठविला, आणि पुढे मुंबईसही असा बर्फ येऊ लागला. न्यू इंग्लंडमधील तळ्यांवरचा हिवाळा कापून तो हिंदुस्थानातील उन्हाळ्यात विकला जात होता. म्हणजे एका प्रदेशाचा ऋतू दुसऱ्या प्रदेशात गेल्यावर वेगळे कार्य करू लागतो, हे कल्पनेच्या आधी व्यापाराने सिद्ध केले होते.

मराठी गद्यात हिम आले, ते मुख्यतः प्रवाशाच्या नजरेतून. काका कालेलकरांचे हिमालयप्रवासाचे पुस्तक हे याचे ठळक उदाहरण. राष्ट्रभाषाप्रचाराच्या कामासाठी पुढे वर्ध्यात राहिलेल्या कालेलकरांनी ते आधी गुजरातीत लिहिले. त्यात हिम हे यात्रेकरूचे गंतव्य आहे, दर्शनाचा विषय आहे. दर्शनाला मुक्काम लागत नाही. नेमका मुक्कामच दीर्घ हिवाळ्याच्या कथनाचा प्राण असतो. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'मध्ये (१९५६) हिवाळ्याचे महिने सूक्ष्मपणे येतात. पण त्यातला पाहणारा डोळा बहुतांशी घराबाहेर आहे. मारुती चितमपल्ली यांच्या विदर्भातील जंगल-तळ्यांवरच्या लेखनात हिवाळा उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांचा असतो. हिमालयापलीकडची थंडी टाळून पट्टकादंब वैदर्भी तळ्यांवर उतरतो, तेव्हा हिमाचा हिवाळा या भूमीत हिमावाचून पोचतो. हे सारे समृद्ध आहे, परंतु दार लावून घेतलेल्या घराचा हिवाळा त्यात नाही. त्याचे कारण लेखकांच्या दृष्टीत शोधण्याचे प्रयोजन नाही. येथील हिवाळा दार लावायलाच लावत नाही.

३

घर आणि हिवाळा यांच्या नात्याची सर्वांत प्रसिद्ध मांडणी गास्तों बाश्लार यांनी 'अवकाशाचे काव्यशास्त्र' (१९५७) या ग्रंथात केली. बाहेर हिम पडले, की बाहेरचे जग पुसले जाते, आणि जितके ते पुसले जाते तितका घराचा आतला जिव्हाळा दाटतो, असा तिचा आशय. 'बिग वुड्स' हे पुस्तक या मांडणीसाठीच लिहिले गेले असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. माळ्यावर साठविलेले भोपळे मुलींच्या खेळात खुर्च्या आणि मेजे होतात; डुकराच्या मूत्राशयात हवा भरून चेंडू होतो; रात्री वडील बंदुकीसाठी गोळ्या ओततात आणि मग सारंगीसारखे वाद्य काढतात. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक काम नेमलेले आहे: धुणे, इस्त्री, शिवणटिपण, लोणी काढणे, झाडलोट, भाजणे आणि रविवारी विसावा.

येथेच बाश्लार यांची मांडणी अपुरी पडू लागते. या घरातील प्रत्येक सुख हे श्रमाचे उपफळ आहे. भोपळे आहेत, कारण साठवण झाली आहे. चेंडू आहे, कारण डुक्कर कापून मांस खारविले जात आहे. मिखाईल बाख्तिन यांनी कालावकाशाच्या विवेचनात ग्रामीण सुखचित्राचे जे लक्षण सांगितले, ते येथे अधिक उपयोगी पडते: एकाच जागेत श्रम, अन्न, पिढ्या आणि निसर्गाची लय यांची सांगड. ऊब ही घराची मूळ अवस्था नाही. ती रोज निर्माण करावी लागते.

'द लाँग विंटर'मध्ये हीच गोष्ट कसोटीला लागते. १८८०–८१ च्या हिवाळ्यात डकोटा प्रांतातील डी स्मेट या नव्या गावाची आगगाडी बंद पडते आणि ती थेट मे महिन्यात सुरू होते. कोळसा संपल्यावर गवताचे पीळ वळून जाळायचे, दिव्याचे तेल संपल्यावर गाडीच्या आसाचे वंगण, चिंधी आणि बटण यांचा दिवा करायचा, पीठ संपल्यावर कॉफीच्या लहानशा चक्कीत आळीपाळीने गहू दळायचे, एवढ्याच कृती प्रकरणामागून प्रकरणे येत राहतात. वडिलांची बोटे गारठून वाद्य वाजवेनाशी होतात, तो प्रसंग पुस्तकातील एखाद्या मृत्यूइतका जड आहे. सुखाचा एकेक पदर उतरत जातो आणि तरीही सुख शब्द निरर्थक होत नाही. कथनाची खरी करामत या पुनरावृत्तीत आहे: दिवस एकसारखे झाल्यामुळे दिव्याच्या ज्योतीएवढा फरकसुद्धा घटना होतो.

हा बंदिस्तपणा काही अंशी रचलेला आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्या हिवाळ्यात इंगल्स कुटुंबाच्या घरी एक जोडपे आणि त्यांचे तान्हे मूल राहत होते, हे वाइल्डर यांच्या 'पायोनियर गर्ल' या आत्मकथनावरून स्पष्ट होते. ते सटीप स्वरूपात २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कादंबरीतून ही माणसे वगळली गेली. कुटुंबाचे वर्तुळ पूर्ण बंद दिसावे, यासाठी दार केवळ हिमवादळाने लावलेले नाही, लेखिकेनेही लावले आहे. वगळण्याची हीच वृत्ती तिच्या मालिकेत इतरत्र अधिक गंभीर रूप घेते. 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी'च्या (१९३५) आरंभी मूळ रहिवासी असलेल्या प्रदेशात 'माणसे' नव्हती, असा अर्थ निघत होता. तो शब्द १९५३ मध्ये बदलण्यात आला. तिच्या नावाचा अमेरिकन बालसाहित्य पुरस्कारही २०१८ मध्ये नाव बदलून दिला जाऊ लागला. सुखचित्राचे वर्तुळ कोणाला बाहेर ठेवून पुरे होते, हा प्रश्न म्हणूनच ऋतूच्या चर्चेत टाळता येत नाही.

४

बाश्लार यांच्या मांडणीला दुसरा आक्षेप एका मराठी हिवाळ्यातून येतो. डकोटातील त्या हिवाळ्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, १८८३ च्या ऑक्टोबरमध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तत्पूर्वीचे काही महिने रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात, 'मावशी' म्हणून स्वीकारलेल्या स्त्रीच्या घरी त्या राहिल्या होत्या. फिलाडेल्फियातील त्यांच्या खोलीतील शेगडी धड पेटत नसे; धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड होती, असे त्यांच्या चरित्रांवरून कळते. नऊवारी नेसण्याने पायांना थंडी बाधे, म्हणून त्यांनी नेसण्याची पद्धतही बदलली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या चरित्राची शोकात्मता सर्वपरिचित आहे. वाङ्‌मयीन दृष्टीने वेगळी नोंद करायची, ती अशी: रोझेलचे घर आणि फिलाडेल्फियाची खोली या दोन्हींना छप्पर होते, पण जिव्हाळा पहिल्यातच होता. हिमामुळे घराचा जिव्हाळा वाढतो, हे विधान घर आपले असेल, चूल आपल्या हातची असेल आणि सरपणाची बेगमी झाली असेल, तरच खरे ठरते. परक्या खोलीत हिम बाहेरचे जग पुसत नाही. ते आत येते. हिवाळ्याच्या सुखांचे काव्यशास्त्र हे गृहीत न उच्चारता पुढे जाते, आणि आनंदीबाईंचे उदाहरण ते गृहीत उघडे पाडते.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सिंदी मेघेच्या परिसरात हिवाळा हा माणसाला बाहेर काढणारा ऋतू आहे. कापसाची वेचणी सुरू असते, ज्वारी हुरड्यावर येते, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, आणि शेकोटी अंगणात पेटते, घरात नव्हे. साहित्यातील हिवाळ्याच्या शोधात हा ऋतू 'द लाँग विंटर'शेजारी ठेवला, तर नावाखेरीज काहीच जुळत नाही.

दार लावून घेणारा ऋतू येथे उन्हाळा आहे. दुपारी रस्ते ओस पडतात. पूर्वी वाळ्याच्या ताट्या आणि आता कूलर घराची हद्द राखतात. घराबाहेर जाणे जोखमीचे होते, आणि म्हणूनच भर दुपारी झोपलेल्या मोठ्यांचा डोळा चुकवून कैऱ्या-चिंचा पाडायला जाणे हे मुलांचे साहस ठरते. साठवणीचे श्रमही याच ऋतूत: पापड, कुरडया, सांडगे, सरगुंडे. भोपळ्यांच्या माळ्याशी जुळणारी वस्तू वाळवणाची खाट आहे. तेथेही श्रमाच्या कडेला मुलांचा खेळ चालतो आणि कच्च्या पापडाच्या लाटीची चोरी होते. 'दीर्घ हिवाळा' म्हणजे तापमानाची संज्ञा नसून बंद दार, मोजके साहित्य, नेमलेली कामे आणि लांबलेला काळ यांची संरचना आहे, असे मानले, तर वैदर्भी वाचकाजवळ त्या संरचनेचा स्वतःचा अनुभव असतो. तो फक्त दुसऱ्या ऋतूच्या नावाने नोंदलेला असतो.

साम्याची सीमाही येथेच सांगितली पाहिजे. उन्हाळ्याची संध्याकाळ दार उघडते, रात्री अंगणात बाजा पडतात. हिमवादळ अशी रोजची सुटका देत नाही. म्हणून अनुवादकाने हिमाच्या जागी ऊन घालावे, असा याचा निष्कर्ष निघत नाही. तसे केले तर संहितेचा परकेपणा नाहीसा होईल आणि त्याबरोबर तिचे ज्ञानही. साम्य हे वाचकाच्या प्रवेशाचे दार आहे. आत गेल्यावर भेदच पाहायचा असतो.

हा प्रवेश किती खोल जाऊ शकतो, हे 'द लाँग विंटर'मधील एका तपशिलावरून दिसते. आल्मान्झो या तरुणाने बियाण्याचा गहू खोट्या भिंतीमागे दडवून ठेवला आहे. गाव उपाशी असूनही तो ते विकायला तयार नाही, आणि ते वाचावे म्हणून तो एका मित्रासह हिमवादळांच्या मधल्या उघडिपीत, ऐकीव माहितीवर दुसऱ्या शेतकऱ्याकडचा गहू आणायला निघतो. शहरी वाचकाला, तो बर्फाळ देशातला असला तरी, हे वागणे हट्टी वा स्वार्थी वाटू शकते. कोरडवाहू शेतीच्या मुलखातल्या वाचकाला बियाणे खाणे म्हणजे पुढचे वर्ष खाणे, हे सांगावे लागत नाही. पुस्तकातील सर्वांत मोठ्या साहसाचा अर्थ त्याच्यापर्यंत बर्फावाचून पोचतो, आणि कदाचित अधिक नेमकेपणाने पोचतो. येथे वाचकाची भूमी ही भिंत ठरत नाही. तीच अर्थनिर्णयाचे साधन होते.

६

देशीयतेचा विचार ऋतूंच्या संदर्भात पुन्हा करायचा, तर तो या दिशेने व्हावा. भूमीशी असलेले नाते दृश्यांच्या यादीत शोधले, तर बर्फ नसलेल्या वाचकाला बर्फाचे साहित्य नेहमी परकेच राहील, आणि विदर्भातील लेखकालाही हुरडा-शेकोटीच्या ठरीव चित्रांपलीकडे जाण्याचे कारण उरणार नाही. तेच नाते ऋतूने घडविलेल्या श्रमाच्या, साठवणीच्या आणि बंदिवासाच्या रचनेत शोधले, तर तुलनेची नवी क्षेत्रे खुली होतात. विदर्भाच्या लांब उन्हाळ्याचे, बंद घरातल्या दुपारींचे, तुटपुंज्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या सुखांचे दीर्घ गद्य मराठीत किती आहे आणि कोणत्या रूपबंधात आहे, याचा शोध अभ्यासकांनी घ्यावा असा आहे. तो घेताना डी स्मेटमधील बटणाचा दिवा आणि फिलाडेल्फियातील धुराने भरलेली खोली, ही दोन्ही उदाहरणे जवळ ठेवावी लागतील; कारण घरातले सुख कशाने तयार होते आणि ते कोणाला मिळत नाही, हे दोन प्रश्न एकत्रच विचारले गेले पाहिजेत.