अस्मारा : सौंदर्याचा अपुरा निवाडा
एरिट्रियाची राजधानी अस्मारा २,३०० मीटरहून उंच पठारावर आहे. तिथे गेलेला प्रवासी १९३८ सालचा फियाट तालिएरो पेट्रोलपंप हमखास बघतो. विमानासारखे दोन काँक्रीटचे पंख, आधाराला खांब नाही! सुंदर आहेच, आम्हीही म्हणतो. कांट म्हणेल, सौंदर्य ठरवायला रूप पुरेसं आहे. इमारतीपुरतं ते मान्य करू, शहराचं काय? इटालियन राजवटीने इथे वंशानुसार वस्त्या वेगळ्या पाडल्या. रुंद रस्ते गोऱ्यांना, आबाशावलची दाटी स्थानिकांना. युनेस्कोने २०१७ मध्ये अस्माराला जागतिक वारसा मानलं, त्यात आबाशावलही आहे. तिथवर चालत न जाता ‘किती सुंदर शहर’ म्हणणं आम्हाला अपुरं वाटतं.