आपटा, कांचन आणि नावांचा निवाडा

दसऱ्याला देवळाच्या पायरीशी 'सोने' म्हणून जी पाने विकली जातात, त्यांत आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्याही खपून जातात. विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. आमचा आक्षेप मात्र आमच्या कोशांवर व वनस्पतींच्या पुस्तकांवर आहे. एका झाडाची दहा नावे द्यावयाची आणि लक्षण एकही सांगावयाचे नाही, ही त्यांतील अनेकांची रीत. जमिनीच्या खरेदीखतात शेताचे नाव लिहावे आणि चतुःसीमा गाळाव्या, तसाच हा प्रकार होय.

'रक्तकांचन' हेच नाव घ्या. कोणी ते बौहिनिया व्हेरिएगाटाला देतो, कोणी बौहिनिया पुर्पुरियाला. दोहोंची फुले जांभळट छटेची. तेव्हा रंगाची साक्ष येथे निरुपयोगी. खरी लक्षणे निराळी आहेत. पहिला कांचन पानगळीनंतर, वसंताच्या सुमारास फुलतो; पाकळ्या रुंद व एकमेकींवर चढलेल्या, पुंकेसर बहुधा पाच. दुसरा पावसाळा सरल्यावर फुलतो. पाकळ्या अरुंद व सुट्या, पूर्ण पुंकेसर बहुधा तीन. आपटा, म्हणजे संस्कृतातील अश्मंतक, याची फुले लहान व पिवळसर पांढरी, पुंकेसर दहा. परंतु दसऱ्याला आपट्यास फूल नसते. त्या वेळी पानच पाहावे. आपट्याचे पान लहान, चिवट, लांबीहून रुंदीला अधिक; कांचनाचे पुष्कळ मोठे.

थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर १९०१ ते १९०८ या काळात इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात देशी नावे आहेत, पण भिस्त वर्णनावर आहे. आमच्या लेखकांनी नावे उचलली आणि वर्णन तेथेच ठेवले, असे खेदाने म्हणावे लागते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. रामायणात भरताच्या ध्वजावर कोविदार आहे. ते नाव आज कोणी एका कांचनास लावतो, कोणी दुसऱ्यास. तेथे फार तर अर्थ संदिग्ध राहील. पण कांचनार गुग्गुळात साल कोणत्या झाडाची पडावी, हेही नावावरच सोपविले, तर संदिग्धतेचे फळ रोग्याला भोगावे लागेल.

म्हणून आमची मागणी एवढीच: नवा कोश निघेल त्यात प्रत्येक नावापुढे पान, पाकळी, पुंकेसर आणि ऋतू ही चार लक्षणे असावीत. नाव हा दावा आहे; लक्षण हा पुरावा आहे.