रेघ कोणाची? : जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांविषयी

पुण्यातल्या कितीतरी शाळांच्या आणि सोसायट्यांच्या भिंतींवर आज वारली चित्रे दिसतात. गेरूचा रंग, दोन त्रिकोणांची माणसे, तारप्याभोवतीचा नाच. खाली चित्रकाराचे नाव क्वचितच असते आणि ते नसल्याचे कुणाला खटकतही नाही. ‘वारली’ एवढे पुरेसे वाटते. जमातीचे नाव शैलीचे नाव झाले की त्या जमातीतल्या चित्रकाराचे स्वतःचे नाव पुसले जाते का? जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची चित्रे पाहताना मला हा प्रश्न सतत पडतो.

म्हसे डहाणू तालुक्यातल्या गंजाड परिसरातले. लहानपणी आई गेली, मुलाचे बोलणे थांबले आणि तो मातीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगू लागला, ही हकिगत त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. तिच्या आधाराने त्यांना ‘उपजत’ कलावंत ठरवले जाते. हा शब्द कौतुकाचा वाटतो, पण तो मेहनत नाकारतो. बहुतेक अभ्यास स्वतःच्या बळावर केलेल्या माझ्यासारख्याला हे विशेष जाणवते. स्वतः शिकणे म्हणजे कुणाकडूनच न शिकणे नव्हे. म्हसे यांच्यासमोर सवाशिणींनी लिहिलेले चौक होते. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने पालघट देवीचा चौक लिहायचा, ही रीत. वारली बायका चौक ‘लिहितात’, हा शब्दही ध्यानात घेण्याजोगा आहे.

चौकाची रेघ विधीची असते. तिची वेळ ठरलेली, जागा ठरलेली. लिहिणारीचे नाव मागे राहत नाही. म्हसे यांनी ती रेघ लग्नघराबाहेर आणली आणि रोज हाती धरली. बायकांकडे असलेले काम एका पुरुषाने नित्याचे करणे, हा निर्णय होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे बाहेरच्या जगापुढे आली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या साऱ्याला कुलकर्णी यांनी लावलेला ‘शोध’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कागद बाहेरून आला हे खरे. त्यावर काय करायचे ते म्हसे यांनी ठरवले.

काय ठरवले, ते त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत दिसते. जाळे जवळजवळ सगळा कागद व्यापते. हजारो बारीक रेघांची ती वीण एकसारखी नाही. कुठे घट्ट, कुठे सैल, त्यामुळे पाणी हलल्यासारखे वाटते. इतरत्र रेघ तुटून ठिपक्यांत विखुरते. त्यांच्या माणसांना चेहरे नसतात. तरी कोण वाकले आहे, कोण ओझे वाहते आहे, हे कमरेच्या कलावरून कळते. इथे ओळख चेहऱ्यातून नव्हे, हालचालीतून होते. चित्रकाराची ओळखही तशीच, रेघेच्या चालीतून. भिंतींवरच्या नकलांत त्रिकोण येतात, ही चाल येत नाही.

१९८९ च्या पॅरिसमधल्या ‘मॅजिसियन्स द ला तेर’ प्रदर्शनात म्हसे होते. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांची चित्रे मांडली गेली. लाँग यांनी १९६७ मध्ये गवतावर पुन्हा पुन्हा चालून एक रेघ उमटवली होती. ती त्यांची कल्पना म्हणून कलेच्या इतिहासात नोंदली गेली. म्हसे यांची रेघ मात्र ‘परंपरा’ या सदरात जाते. एकाला विचार दिला, दुसऱ्याला वारसा. २०११ च्या पद्मश्रीनेही ही वाटणी बदलली नाही.

परंपरा नाकारा, असे मी म्हणत नाही. सवाशिणींची रेघ नसती तर म्हसे यांचीही नसती. पण देणाऱ्यांचे ऋण मान्य करूनही घेणाऱ्याने त्यात काय बदलले, हे सांगता येते. मर्ढेकरांची ओवी ज्ञानेश्वरांच्या ओवीपासून वेगळी काढताना आपण तेच करतो. म्हसे यांच्या चित्रांना समीक्षेने एवढाच न्याय द्यायचा आहे: शैलीचे नाव घेऊन न थांबता रेघ वाचायची, आणि ती कोणाची हे लिहायचे.