तियारॉयचा थकलेला पगार

‘दोस्त राष्ट्रे’ हा शब्द मी वर्गात दरवर्षी उच्चारतो. पाठ्यपुस्तकात तो तारखांसह येतो: १४ ऑगस्ट १९४१ ची अटलांटिक सनद, १ जानेवारी १९४२ चा २६ राष्ट्रांचा जाहीरनामा. आपली राज्यपद्धती निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क सनदेच्या तिसऱ्या कलमात मान्य झाला होता. महिना उलटायच्या आत, ९ सप्टेंबरला, चर्चिलने पार्लमेंटात खुलासा केला की हे वचन मुख्यतः नाझींच्या टाचेखालच्या युरोपीय राष्ट्रांसाठी आहे. जाहीरनाम्यावर हिंदुस्थानचीही सही आहे. त्या वेळी हिंदुस्थान स्वतःच पारतंत्र्यात होता.

ही दोस्ती खालून कशी दिसत होती हे पाहायचे असेल तर उस्मान सेम्बेन आणि थिएर्नो फाती सो यांचा ‘कॅम्प दे तियारॉय’ (१९८८) हा चित्रपट पाहावा. सेम्बेन म्हणजे सेनेगलमधल्या एका कोळ्याचा मुलगा, मार्सेच्या गोदीतला हमाल, पुढे कादंबरीकार; आणि महायुद्धात फ्रान्सच्या वसाहती फौजेतला शिपाई.

घटना खरी आहे. १९४० साली फ्रान्स पडला तेव्हा जर्मनांच्या कैदेत गेलेले पश्चिम आफ्रिकी सैनिक नोव्हेंबर १९४४ मध्ये डाकारजवळच्या तियारॉय छावणीत आणले गेले. त्यांनी थकलेला पगार मागितला. १ डिसेंबरच्या सकाळी त्यांच्याच फौजेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५ मृतांचा. अनेक इतिहासकारांना तो मान्य नाही. वर वाचलेल्यांपैकी ३४ जणांवर खटला भरून त्यांनाच शिक्षा दिल्या. याला ‘कत्तल’ म्हणायला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना २०२४ साल उजाडावे लागले.

चित्रपटात गणवेशाला फार महत्त्व आहे. सैनिक अमेरिकन गणवेशात उतरतात. तो काढून घेऊन त्यांना पुन्हा वसाहती पोशाख आणि लाल टोपी दिली जाते. सार्जंट दियाता अमेरिकन गणवेशात शहरात जातो, तर अमेरिकन लष्करी पोलीस त्याला बडवतात. दोन दोस्त राष्ट्रांचे इतर बाबतीत पटो न पटो, काळ्या माणसाची जागा कोणती यावर एकमत आहे. ही दिग्दर्शकांची अतिशयोक्ती नव्हे. पॅरिसच्या मुक्तीत पुढे असणारी फ्रेंच डिव्हिजन गोऱ्यांची असावी, असे आयझेनहॉवरचे चीफ ऑफ स्टाफ बेडेल स्मिथ यांनी जानेवारी १९४४ मध्येच लिहिले होते. (आपल्या वाचकाला इथे १११ महार पलटण आठवेल: १९१७ साली उभारली, गरज सरताच १९२१ साली मोडली.)

याच तियारॉयवर लेओपोल्ड सेंघोर यांची कविता आहे, ‘ओस्ती न्वार’ (१९४८) या संग्रहात. सेंघोर स्वतः जर्मनांच्या कैदेत राहिले होते. पुढे सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष झाले. संग्रहाच्या नावातच ख्रिस्ती यज्ञबळीची प्रतिमा आहे. त्यांचे दुःख खोटे नाही, फ्रान्सला त्यांनी जाबही विचारला आहे. पण त्यांच्या कवितेत मेलेला शिपाई पवित्र होतो, आणि पवित्र झालेल्याची थकबाकी कोणी विचारत नाही. सेम्बेन मात्र नोटा मोजायला बसतात. युरोपात मिळालेले फ्रँक निम्म्या दराने बदलून घ्या, असे अधिकारी सांगतो तेव्हा छावणी पेटते. ‘बलिदान’ हा शब्द करार करणाऱ्यांच्या सोयीचा आहे. मेहनतान्याची भाषा त्यांना अडचणीत आणते. वतनदारीतल्या फुकट राबणुकीलाही ‘मान’ म्हणत, हे आपण विसरू नये.

माझी तक्रार दियाताबद्दल आहे. तो पाश्चात्त्य संगीत ऐकतो, फ्रेंच साहित्य वाचतो, त्याची बायको फ्रेंच आहे. जणू एवढे दाखवल्याशिवाय प्रेक्षक त्याला माणूस मानणार नाही! हा दाखला कोणासाठी? शिकलेल्या नायकाचा मोह आपल्या आत्मकथनांनाही सुटलेला नाही.

चित्रपटाचा खरा माणूस पेई. बुखेनवाल्डमधून आलेला, मुका, डोके फिरलेला, जर्मन हेल्मेट न सोडणारा. जनरलने मागण्या मान्य केल्या म्हणून छावणी नाचून झोपते. पहारा करणाऱ्या पेईला रणगाडे येताना दिसतात. तो सगळ्यांना उठवतो. वेड्याला जर्मन छावणी आठवली, म्हणून सगळे पुन्हा झोपतात. त्यांच्या मते जर्मन हरले होते आणि हे रणगाडे तर फ्रान्सचे होते.

शेवटच्या दृश्यात नव्याने भरती झालेली तुकडी युरोपला निघालेल्या बोटीवर चढते.